श्वासावाटे वेदनाशमन

औषध शरीरात पोहोचविण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. एक मुखाची, दुसरी सुईची आणि तिसरी श्वासाची. पैकी पहिल्या दोन वाटा आपल्या घरोघरी परिचित आहेत. तिसरीचा परिचय मात्र बहुधा दम्याच्या पंपापुरता, किंवा सर्दी-पडशात डोक्यावरून पांघरूण घेऊन घेतलेल्या वाफाऱ्यापुरताच असतो. परंतु वेदना शमविण्यासाठीही ही वाट जगात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चोखाळली जात आहे, आणि तिचा उपयोग आपल्याकडे, विशेषतः प्रसूतीच्या समयी, जितका व्हावयास हवा तितका होताना दिसत नाही. या विषयाची माहिती सुशिक्षित कुटुंबांस असणे इष्ट आहे, असे वाटल्यावरून आजचे हे भाषण योजिले आहे. मी वैद्य नव्हे; आयुष्यभर मुलांना शिकविणारा एक मास्तर आहे. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. एखादी गोष्ट कशी घडते आणि का घडते, एवढेच सांगण्याचा माझा धंदा. तेवढेच मी करणार आहे.

प्रथम, श्वासाची वाट इतकी जलद का, हे पाहू. गोळी गिळली की ती जठरात विरघळावी लागते, आतड्यांतून रक्तात जावी लागते, मग यकृतातून पार व्हावी लागते. इतके सोपस्कार होईतो अर्धा-पाऊण तास सहज जातो. श्वासाची गोष्ट निराळी. आपली फुप्फुसे म्हणजे दोन पोकळ पिशव्या नव्हेत. त्यांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात, आणि ते सारे उलगडून पसरता आले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील; म्हणजे शाळेच्या एका मोठ्या वर्गाएवढी. या सर्व पृष्ठभागापलीकडे, कागदाहूनही पुष्कळ पातळ अशा पडद्याआड, रक्त अखंड वाहत असते. वायुकोशात आलेला वायू त्या रक्तात मिसळतो. ते रक्त हृदयाकडे जाते आणि हृदय त्याचा वाटा तत्काळ मेंदूकडे धाडते. ही सारी यात्रा काही सेकंदांची आहे. वर्गाच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली की शेवटच्या बाकावरचा मुलगा थोड्याच वेळात मान वर करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शरीरातील प्रवास त्याहूनही त्वरेचा असतो.

जे लवकर येते ते लवकर जाते, हा या वाटेचा दुसरा गुण. मुखवटा दूर केला की श्वासागणिक औषध बाहेर पडू लागते. गोळी एकदा पोटात गेली की ती परत मागता येत नाही. श्वासातील औषध मात्र निसर्गतःच परत येते. त्यामुळे वेदना जेव्हा लाटेप्रमाणे येते आणि ओसरते, तेव्हा ही वाट विशेष सोयीची ठरते. हाड मोडलेल्या माणसास हलविताना, भाजल्याच्या जखमेवरील पट्टी बदलताना, किंवा प्रसूतीच्या कळांत वेदनेचा जोर थोड्या वेळापुरता असतो. आणि औषधाचा जोरही तेवढ्याच वेळापुरता हवा असतो.

धुराने अगर वाफेने डोकेदुखी शमविण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, औषधी धूमपानाचा सविस्तर विचार आहे, आणि मस्तकशूल व अर्धशिशी यांवर त्याचा उपयोग सांगितला आहे. मला त्यात विशेष लक्षणीय वाटते ती औषधांची यादी नव्हे, तर उपकरणाची चर्चा. धूर ओढण्याच्या नळीस तेथे ‘नेत्र’ म्हटले आहे. तिची लांबी कार्यपरत्वे 24, 32 किंवा 36 अंगुळे असावी, आणि ही अंगुळे रुग्णाच्याच बोटांची असावीत. नळी सरळ व तीन पर्वांची असावी, तिचे छिद्र बोराच्या आठळीएवढे असावे, असे दंडक आहेत. कारणही दिले आहे: लांबून आलेला, पर्वांनी अडलेला आणि नळीत पातळ झालेला धूर इंद्रियांस बाधत नाही. त्या धुराने वेदना कितपत जात असेल, हा प्रश्न बाजूस ठेवू. परंतु श्वासावाटे औषध द्यावयाचे तर औषधाइतकेच उपकरणाचेही महत्त्व आहे, आणि उपकरणाचे पहिले काम म्हणजे मात्रेस आवर घालणे, हे तत्त्व त्या प्राचीन वैद्यांनी ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता युरोपकडे वळू. हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतः हुंगून पाहिला. त्याने मन उल्हसित होते, हसू येते, म्हणून त्यास हास्यवायू हे नाव पडले. दाढदुखी या वायूने कमी होते असा अनुभव आल्यावर, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग करता येईल, असे डेव्हीने 1800 साली लिहून ठेवले. परंतु चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही. हा वायू जत्रेतील करमणुकीपुरता राहिला. 1844 साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने असाच एक करमणुकीचा प्रयोग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी, तो वायू हुंगून, आपला स्वतःचा दात काढून घेतला. पुढील वर्षी बोस्टन येथे विद्वानांसमोर त्याने प्रयोग केला, तेव्हा मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्सची नाचक्की झाली. वायूची पिशवी वेळेपूर्वी दूर केली गेली, असे वेल्सचे म्हणणे होते. पाहा, औषध खरे असूनही ते देण्याची रीत चुकल्यामुळे एका चांगल्या शोधाची पीछेहाट झाली.

पुढे 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्याच शहरात विल्यम मॉर्टन याने काचेच्या गोळ्यातून ईथरची वाफ देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित करून दाखविली, आणि ती वार्ता जगभर पसरली. 22 मार्च 1847 रोजी, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथरचा प्रयोग झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण शोधून काढला. क्लोरोफॉर्म गोड वासाचे, थोडक्यात काम करणारे आणि द्यावयास अतिशय सोपे. रुमालावर चार थेंब टाकले की झाले. ते लवकरच सर्वत्र रूढ झाले.

परंतु हे सोपेपणच घातक होते. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने एकाएकी गतप्राण झाली. रुमालावरून हवेत किती वाफ मिसळली आणि रुग्णाच्या छातीत किती गेली, हे कोणास सांगता येणार? जॉन स्नो या डॉक्टरांनी नेमका हाच मुद्दा धरला. वाफेचे हवेशी प्रमाण मोजल्यावाचून औषध देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः उपकरणे घडविली. पटकीचा प्रसार दूषित पाण्याने होतो, हे सिद्ध करणारे स्नो ते हेच.

7 एप्रिल 1853 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या प्रसूतीसमयी स्नो यांसच पाचारण करण्यात आले. त्यांनी राणीस बेशुद्ध केले नाही. प्रत्येक कळेच्या वेळी रुमालावर थोडेसे क्लोरोफॉर्म टाकून हुंगावयास दिले, आणि हा क्रम 53 मिनिटे चालला. राणी अखेरपर्यंत शुद्धीवर होती, परंतु कळांची धार बोथट झाली होती. आजच्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. भूल देणे आणि वेदना शमविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. भुलेत माणसाची शुद्ध हरपते. वेदनाशमनात शुद्ध राहते आणि केवळ दुःख हलके होते. एकाच औषधाची मात्रा वाढविली तर पहिली क्रिया घडते आणि कमी ठेवली तर दुसरी. म्हणून सारा प्रश्न मात्रेचा, आणि मात्रा राखणाऱ्या उपकरणाचा होऊन बसतो.

या वादाचा एक मोठा अंक आमच्या शेजारी घडला आहे. मी सोलापूर जिल्ह्यातील होटगीचा. आमच्या स्थानकावरून एक लोहमार्ग विजापुराकडे फुटतो, आणि दुसरा वाडीस जाऊन तेथून हैदराबादेस पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून निजामाच्या राजधानीस जाणाऱ्या आगगाड्यांची वाट हीच होती. आजचा मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात मोडत असे. त्या राजधानीत एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज शल्यविशारद होते. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, आधी श्वास थांबतो. म्हणून नाडीकडे न पाहता केवळ श्वासाकडे लक्ष ठेवावे, असे त्यांचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी 1888 साली त्यांनी हैदराबादेत प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांवर शंका घेतली, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन त्या नियतकालिकास आपला तज्ज्ञ धाडावयास सांगितले. त्याप्रमाणे 1889 साली लॉडर ब्रन्टन हे नामांकित शास्त्रज्ञ हैदराबादेस आले, आणि शेकडो प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, पुनश्च प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरी यांच्याच बाजूने निघाला. या कार्यात सहभागी झालेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी विदुषीचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकून त्यांनी भूल देण्याच्या कामास स्वतःस वाहून घेतले, आणि जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

इतका खर्च, इतके श्रम, इतक्या विद्वानांची संमती. तरीही तो निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा थोडी असताना, रुग्ण भीतीने अगर वेदनेने क्षुब्ध झाला तर हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन ते बंद पडू शकते. हॅना ग्रीनरसारख्यांच्या आकस्मिक मृत्यूचा उलगडा या शोधाने झाला, असे पुष्कळांचे मत आहे. क्लोरोफॉर्म हळूहळू मागे पडले. मात्र या साऱ्या वादात एक प्रश्न बराच काळ कोणी विचारला नव्हता. रुमाल असो, शंकू असो की काचेचा गोळा असो, तो धरणारा हात नेहमी दुसऱ्याचा असे. किती द्यावयाचे ते डॉक्टर ठरवी, आणि रुग्ण केवळ श्वास घेई. तो हात रुग्णाचाच असला तर?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. लिव्हरपूलचे डॉक्टर रॉबर्ट मिनिट यांनी 1933 च्या सुमारास प्रसूतीसाठी एक पेटी तयार केली. तिच्यातून हास्यवायू आणि साधी हवा यांचे मिश्रण येई, आणि मुखवटा प्रसूत होणाऱ्या स्त्रीनेच आपल्या हाताने धरावयाचा असे. 1936 साली इंग्लंडातील सुइणींच्या मध्यवर्ती मंडळाने डॉक्टर हजर नसतानाही सुइणींस हे उपकरण वापरण्याची परवानगी दिली. वेदनाशमन हे राणीवशापुरते न राहता सामान्य घरातील बाळंतिणीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

तथापि या पेटीत एक उणीव होती, आणि ती साध्या त्रैराशिकाने समजते. हवेच्या शंभर भागांत प्राणवायू सुमारे 21 भाग असतो. निम्मी हवा काढून तिच्या जागी हास्यवायू घातला, तर प्राणवायू उरतो साडेदहा भाग. म्हणजे आईस आणि पोटातील बाळास हवा त्याच्या निम्माच. ही उणीव डॉक्टर मायकेल टन्स्टॉल यांनी 1961 साली दूर केली. हवेऐवजी शुद्ध प्राणवायू घेऊन, निम्मा प्राणवायू आणि निम्मा हास्यवायू असे मिश्रण एकाच सिलिंडरमध्ये भरून ठेवता येते, असे त्यांनी दाखविले. आता वेदनाही शमते आणि प्राणवायूही साध्या हवेच्या दुपटीहून अधिक मिळतो. हेच मिश्रण ‘एन्टोनॉक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची एक अडचण अशी की, सिलिंडर उणे सहा अंशांच्या खाली थंड झाला तर आतील दोन वायू विलग होतात. मग आधी प्राणवायूच फार येतो आणि शेवटी जवळजवळ निव्वळ हास्यवायू येऊ लागतो. आमच्या सोलापूरच्या उन्हात या गोष्टीचे भय नाही. पण हिमालयातील दवाखान्यास ती विसरून चालणार नाही.

आता हे उपकरण चालते कसे, ते पाहू. सिलिंडरपासून एक नळी येते. तिच्या टोकाशी झडप असते, आणि झडपेपुढे मुखवटा अगर तोंडात धरावयाची नळी. ही झडप एरवी बंद असते. रुग्णाने श्वास आत ओढला की त्या ओढीने ती उघडते. श्वास सोडला की मिटते. म्हणजे मागणी होईल तेव्हाच पुरवठा होतो. त्याकरिता मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. फट राहिली तर झडप उघडत नाही आणि रुग्ण नुसती हवा ओढीत राहतो.

वेळ साधणे हे दुसरे कौशल्य. हास्यवायू रक्तात फारसा विरघळत नाही. लहान तांब्या जसा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो, तसे रक्त या वायूने लवकर भरून लवकर मोकळे होते. तरी पूर्ण गुण यावयास पाऊण मिनिट ते एक मिनिट लागतेच. प्रसूतीची कळ साधारणतः एक ते दीड मिनिट टिकते आणि मध्यावर तिचा जोर असतो. वेदना असह्य झाल्यावर मुखवटा उचलला, तर औषधाचा गुण येईतो कळ ओसरलेली असते, आणि ‘याचा काही उपयोग नाही’ असा ग्रह होतो. म्हणून पोट घट्ट होऊ लागल्याची पहिली जाणीव होताच, किंवा कळा नियमित असल्यास तिच्या अर्धा मिनिट आधीच, सावकाश व खोल श्वास घेण्यास आरंभ करावा, आणि कळ ओसरताच मुखवटा खाली ठेवावा. हे शिक्षण कळा सुरू झाल्यावर द्यावयाचे नव्हे. आधीच्या महिन्यांत द्यावयाचे आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुखवटा रुग्णानेच धरावा, दुसऱ्या कोणीही धरू नये. हा नियम रुग्णास कामास लावण्यासाठी नव्हे. त्यातच या उपकरणाची सुरक्षितता आहे. औषध प्रमाणाबाहेर जाऊ लागले की झापड येते, मूठ सैल पडते, हात खाली येतो आणि मुखवटा चेहऱ्यावरून सरतो. लगेच साधी हवा आत जाते, आणि दोन-चार मिनिटांत माणूस पूर्ववत सावध होतो. याचा अर्थ असा की, रुग्णाची शुद्ध हीच मात्रेची राखणदार आहे. दुसऱ्याने मुखवटा दाबून धरला की ही राखण नाहीशी होते, आणि वेदनाशमनाचे रूपांतर नकळत भुलेत होऊ शकते. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे निराळे सांगावयास नको.

माझी एक विद्यार्थिनी आज परिचारिका आहे. ती मला म्हणाली, “गुरुजी, यंत्र शिकायला अवघड नाही. बाळंतिणीला पाच मिनिटांत समजतं. अवघड आहे ते सासूबाईंचा नि आईचा हात आवरणं. पोरीला त्रास होतोय म्हणून त्या मायेनंच मास्क दाबून धरायला जातात.” तिचे हे म्हणणे मला फार मोलाचे वाटले. आपल्याकडे सेवा म्हणजे आजाऱ्याच्या वतीने सर्व काही आपण करणे, अशी समजूत आहे. पाणी आपण पाजावे, घास आपण भरवावा, पंखा आपण घालावा. परंतु येथे खरी सेवा हात मागे घेण्यात आहे. पाठ चोळावी, धीर द्यावा, कळ येत असल्याची आठवण करावी. मुखवट्यास मात्र हात लावू नये.

स्वतःच्या हाताचे हेच तत्त्व आणखी एका उपकरणात दिसते. मेथॉक्सीफ्लुरेन नावाचे एक द्रव औषध आहे. त्याचे 3 मिलिलिटर एका लहानशा नळीतील वातीवर ओततात, आणि रुग्ण ती नळी तोंडात धरून तिच्यातून श्वास घेतो. नळी हिरव्या रंगाची असल्याने ऑस्ट्रेलियात तिला ‘हिरवी शिटी’ म्हणतात. तेथील रुग्णवाहिकांत 1970 नंतरच्या दशकापासून ती वापरली जात आहे, आणि 2015 पासून ब्रिटनमध्येही अपघातग्रस्तांसाठी मिळू लागली. नळीस एक लहान छिद्र असते. ते बोटाने झाकले की औषध अधिक मिळते, मोकळे ठेवले की कमी. सोडलेल्या श्वासातील वाफ शोषून घेण्यासाठी कोळशाची एक डबी जोडलेली असते. जड सिलिंडर नको, झडप नको. डोंगरकड्यावर पाय मोडलेल्या माणसाजवळही ती खिशातून नेता येते. परंतु हेच औषध पूर्वी मोठ्या मात्रेत भुलेसाठी वापरले जात असे, तेव्हा त्याने मूत्रपिंडांस इजा झाली होती. म्हणून आज त्याची मात्रा कटाक्षाने मर्यादित ठेवतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास ते देत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. दम्याच्या पंपातून वेदनेचे औषध भरून दिले म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. पण पंपातून निघतात ते औषधाचे कण, वायू नव्हे. कण फार मोठे असले तर घशातच आदळून राहतात. फार बारीक असले तर श्वासाबरोबर परत बाहेर येतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात. साधारण 1 ते 5 मायक्रोमीटर आकाराचे कणच फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. अफूपासून होणारे मॉर्फिन अशा रीतीने देण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु साध्या उपकरणातून त्याचा पुष्कळसा भाग वाटेतच वाया जातो, आणि आत किती गेले याचा नेम राहत नाही. पुन्हा तोच स्नो यांचा प्रश्न: मात्रा किती?

या वाटेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हास्यवायूने प्रसूतिवेदना नाहीशा होत नाहीत, सौम्य होतात. काहींस पुष्कळ आराम वाटतो, काहींस थोडा. पाठीच्या कण्यालगत सूक्ष्म नळी घालून दिलेले औषध त्याहून पुष्कळ प्रभावी असते. पण त्यास भूलतज्ज्ञ आणि सतत देखरेख लागते. हास्यवायूने मळमळ व घेरी येऊ शकते. तो शरीरातील बंदिस्त पोकळीत शिरून ती फुगवितो. म्हणून छातीत हवा कोंडलेल्या अगर आतडे अडलेल्या रुग्णास तो वर्ज्य आहे. वारंवार घेतल्यास शरीरातील ब-12 जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंस इजा पोहोचते. मोठ्या शहरांतील मेजवान्यांत फुग्यात हा वायू भरून तो मौजेखातर हुंगण्याची जी रीत शिरू पाहत आहे, तिच्यापासून आपल्या मुलांस दूर ठेवावे. खोली हवेशीर नसल्यास तेथे रोज काम करणाऱ्या परिचारिकांसही त्याचा उपसर्ग होतो. शिवाय वातावरण तापविण्याच्या कामी हा वायू कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे 270 पट जोरकस आहे; तेव्हा गळक्या नळ्या आणि उघडे राहिलेले सिलिंडर हा केवळ रुग्णालयाच्या पैशाचा प्रश्न नव्हे.

इतके सारे लक्षात घेऊनही या उपकरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ उरते. सुई नाही, शस्त्र नाही, प्रसूतीची गती मंदावत नाही, बाळ गुंगीत जन्मत नाही, आणि शिकलेली परिचारिका ते सांभाळू शकते. ब्रिटनमध्ये 1965 पासून सुइणी हे मिश्रण देत आल्या आहेत. आपल्या सरकारनेही 2018 साली प्रशिक्षित सुईण-परिचारिकांची योजना जाहीर केली आहे. ज्या गावी भूलतज्ज्ञ बोलावून आणावा लागतो, त्या गावी अशा साध्या उपायाचे मोल अधिक.

मग अडते कोठे? मला वाटते, अडचण यंत्राची थोडी आणि मनाची अधिक आहे. ‘बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, ते निसर्गनियमच आहे असे वाटू लागले आहे. ज्या घरात दाढ दुखली तर रात्रीच्या रात्री औषधाचे दुकान उघडविले जाते, त्याच घरात बारा-चौदा तासांच्या कळांबद्दल कोणी प्रश्न विचारीत नाही. बाळंतीण ओरडली तर तिलाच दटावले जाते. राणीस जे 1853 साली मिळाले, त्याची चौकशी करण्याचेही आपण आज मनात आणत नाही. सोसण्याचा महिमा गाणे सोपे आहे. पण सोसणारी निराळी आणि महिमा गाणारे निराळे, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे.

यास्तव श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे. घरात प्रसूती व्हावयाची असेल तर रुग्णालयाची निवड करतानाच, सातव्या-आठव्या महिन्यात, चार गोष्टी विचारून घ्याव्या. वेदनाशमनाची कोणती साधने येथे आहेत? श्वासावाटे द्यावयाचे मिश्रण आहे काय, आणि ते देण्यास शिकलेली परिचारिका रात्रीही हजर असते काय? खोलीत हवा खेळती आहे काय? आणि आमच्या मुलीच्या प्रकृतीस ते चालेल काय? उत्तर डॉक्टरांनी द्यावयाचे आहे, आणि कोणते साधन घ्यावयाचे, की कोणतेच नको, हे त्या स्त्रीने ठरवावयाचे आहे. आपले काम प्रश्न विचारण्याचे. ‘नाही’ असे उत्तर आले तरी हरकत नाही. दहा घरांनी तोच प्रश्न विचारला की अकराव्या घरापर्यंत सोय होण्याचा संभव असतो.